काळ्या मातीत जुन्या घराला लागून खोली आणि परसाला कंपाउंड : विटा घ्याव्यात की ब्लॉक?

केळीपट्टा

नमस्कार मंडळी. गाव जामनेर तालुक्यात. घर ३० वर्षांपूर्वीचं, नऊ इंची विटांचं लोडबेअरिंग, म्हणजे सगळा भार भिंतींवर. पाया काळ्या दगडाचा, साडेतीन फूट खोल. मागच्या बाजूने १० × १४ ची खोली काढायची आहे आणि परसाला ६० फूट लांब, ५ फूट उंच कंपाउंड घालायचं आहे. कंपाउंडच्या पलीकडे शेजाऱ्यांची केळी, ठिबकची पहिली नळी भिंतीपासून चार फुटांवर येते. खड्डा घेऊन पाहिला : सात फुटांपर्यंत काळी माती, मग मुरूम.

मिस्त्री म्हणतात, जुन्या भिंतीत दात (एकाआड एक थराला खाचा) काढून नवी भिंत गुंफून टाकू. भट्टीच्या विटा, फ्लायअॅशच्या (राखेच्या) विटा की सहा इंची सिमेंट ब्लॉक? आणि माल किती मागवू?

ओळंबा

वीट की ब्लॉक हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. सात फूट काळी माती आहे म्हणजे तुमची भिंत पाण्यावर उभी राहणार आहे, असंच समजा.

काळी माती पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसून भेगाळते. सगळीकडे सारखी फुगली तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहिली की. तुमच्याकडे नेमकं तेच आहे : पलीकडे बारमाही ठिबक, अलीकडे उन्हाळ्यात तडकलेलं परस. अशी भिंत दोन-तीन वर्षांत कोरड्या बाजूला कलते. कंपाउंड पडलं की लोक सिमेंटला शिव्या देतात, पण ते बहुतेक वेळा हलकं म्हणून जातं. मजली घराचं वजन मातीचा फुगवटा काही अंशी दाबून धरतं, पाच फुटी भिंतीला ते जमत नाही.

म्हणून दोन-अडीच फूट चर खणून त्यात दगड भरायचा आणि वर भिंत चढवायची, हे करू नका. दर १० फुटांवर १२ इंची बोअर (जमिनीत उभं गोल भोक) घ्या, मुरमात अडीच-तीन फूट आत शिरू द्या, सळईचा पिंजरा टाकून काँक्रीट भरा, हा झाला पाइल. त्यावर ९ × ९ चा कॉलम आणि कॉलम जोडणारा ९ × १२ चा प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), मापं इंचांत. सळईचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या. बीमचा तळ जमिनीला टेकता कामा नये, खाली ३ इंच पोकळी हवी. ओतताना तळफळी लावा आणि नंतर आठवणीने काढा. इथेच घोटाळा होतो : तळफळी वाचवायला खाली पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) ओततात आणि पोकळी बंद होते. मग माती फुगली की बीम उचलते, आणि कॉलमच्या दोन्ही अंगांना उभी भेग पडते. साप-उंदराची भीती वाटत असेल तर बाहेरून शहाबादीची पट्टी नुसती टेकवून लावा, ठासून भरू नका.

६० फूट सलग बांधू नका. मध्ये ३० फुटांवर जोडीचे कॉलम घेऊन एक इंचाचा सांधा सोडा, बीमसुद्धा तिथे तुटला पाहिजे. आणि शेजाऱ्यांशी बोलून पहिली नळी जेवढी लांब नेता येईल तेवढी न्या. हे काम फुकट होतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

साइट_जळगाव

वरचं सगळं मान्य. दातांबद्दल बोलतो, कारण खोलीचा खरा धोका तिथे आहे.

जुनं घर ३० वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलंय. नवी खोली पहिले दोन-तीन पावसाळे हलणार. दोघांना दातांनी गुंफलं की हलणारी बाजू न हलणारीला ओढते आणि भेग जुन्या भिंतीत, बहुतेक खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते. पक्क्या मुरमावर किंवा खडकावर दात चालतात. मिस्त्रींचं चुकत नाही, त्यांची पद्धत दुसऱ्या जमिनीची आहे.

नवी खोली स्वतःच्या चार पायांवर उभी करा. जुन्या पायाला खेटून सात फूट खड्डा खणू नका, साडेतीन फुटांवरचा जुना दगड उघडा पडून सुटेल. त्या बाजूला बोअरचे पाइल घ्या, तेही जुन्या भिंतीपासून तीन फूट लांब, आणि तिथून प्लिंथ बीम व स्लॅब पुढे कॅन्टिलिव्हर, म्हणजे टोकाला आधार न देता, काढा. स्लॅबचा एक इंचही जुन्या भिंतीवर टेकवू नका. दोघांच्या मध्ये एक इंच थर्माकोलची शीट, बाहेरून पीयू सीलंट (सांधा भरायचा लवचिक मसाला). आतून पट्टी लावायची ती एकाच बाजूला स्क्रू करून, दोन्हीकडे ठोकली तर सांधा ठेवल्याचा काही उपयोग नाही. छतावर पत्र्याची झालर जुन्या भिंतीत खोचून नव्या स्लॅबवर नुसती सोडा. दाराचा उंबरा एकाच बाजूच्या बांधकामावर बसवा, नाहीतर पहिल्याच वर्षी फरशी तडकेल.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही : खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नका. मुरूम आणा, ६-८ इंचांचे थर, पाणी मारून धुमस. घराभोवती तीन फूट रुंद अॅप्रन (पक्की पट्टी) काढा, बाहेर दोन इंच उतार. मोरीचं पाणी पाइपातून लांब.

मिस्त्री_धरणगाव

आता वीट-ब्लॉक. आपला खान्देशमा कायी माटीनं काम शे भो, घाई करानी नही. पाया वर सांगितला तसा असेल तर वर दोन्ही चालतं, कारण भिंत बीमवर बसते.

कंपाउंडला सहा इंची सॉलिड ब्लॉक घ्या. खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मात्र नऊ इंची फ्लायअॅश, दुपारनंतरचं ऊन खूप आत येतं. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेमुळे फ्लायअॅश विटा भुसावळ भागात सहज मिळतात. कडा सरळ, मापात, प्लास्टर पातळ बसतं. भट्टीची वीट घेणार असाल तर दोन विटा एकमेकींवर ठोकून खणखणीत आवाज ऐका, नखाने ओरखडा उठतो का बघा, आणि कोरडी वजन करून २४ तास पाण्यात ठेवा. वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर गाडी परत.

भिजवण्याबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. भट्टीची वीट हौदात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची, नाहीतर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. सिमेंट ब्लॉक अजिबात भिजवायचा नाही. तो ओला असताना थोडा फुगतो, भिंतीत बसल्यावर सुकून आकसतो आणि सांध्यासांध्याने पायऱ्यांसारखी भेग पडते. बसवण्याआधी फक्त वरची कड ओली करा. फ्लायअॅशला हलका शिडकावा. ब्लॉक कमीत कमी २८ दिवसांचा झालेला घ्या, कारखान्यातून गरम-गरम आणलेला नको.

माल १:६, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. जास्त सिमेंट घालून १:४ केलं की भिंत मजबूत होते असं नाही, उलट माल जास्त आकसतो आणि भेग ब्लॉकमधून जाते. नरम मालात ती सांध्यात राहते, तिथे भरता येते. सांधा १० मिमी, तीन सूतभर. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच माल मळा, घट्ट झालेल्यात पाणी ओतून ढवळू नका. मे महिन्यात काम सकाळी ६ ते ११, पुन्हा ४ नंतर. एका दिवसात साडेतीन फुटांवर चढू नका. खालचा माल ओला असतो, वजनाने भिंत पोट काढते. दर तीन थरांनी ओळंबा.

चार इंची पडदी कुठे येणार असेल तर दर तीन फुटांवर ३ इंचांची काँक्रीटची पाटली, दोन ८ मिमी सळया. बीमखालचा शेवटचा थर एक इंच मोकळा ठेवून आठवड्याने कोरडसर माल ठासा. कॉलम आणि भिंत जिथे मिळतात तिथे प्लास्टरआधी कोंबडीजाळी, दोन्हीकडे सहा-सहा इंच. ब्लॉकच्या भिंतीचं प्लास्टर तीन आठवड्यांआधी नको.

पाणी मारायचं सात दिवस, पीपीसी (राखमिश्रित सिमेंट) असेल तर दहा. गोणपाट टांगा, नुसता पाइप फिरवून भागत नाही. कंपाउंडच्या डोक्यावर दोन इंच कोपिंग (काँक्रीटची टोपी), दोन्हीकडे दोन इंच बाहेर, खाली पाणी तुटायला खाच. ती नसेल तर पाणी वरूनच आत शिरून खार फुटतो.

केळीपट्टा

आभारी आहे. आमच्या बोअरवेलचं पाणी खारं आहे, तांब्याला पांढरं बसतं. चालेल? आणि मालाचा आकडा?

साइट_जळगाव

खारं पाणी सळईच्या कामाला नको. लॅबमध्ये तपासा. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ६ च्या खाली नसावा. तोवर टँकर. भिंतीवर मारायलाही हेच पाणी वापरलं तर पांढरे चट्टे पुसत बसाल.

कंपाउंड : ६० × ५ = ३०० चौरस फूट, आठ कॉलमांचे ३० वजा. उरले २७०. १६ × ८ चा ब्लॉक सांध्यासकट शंभर चौरस फुटांना ११६ लागतो, म्हणजे ३१३. तूट धरून ३३० मागवा. जोडाईला सिमेंट दोन बॅगा, वाळू १५ घनफूट. यात बीम-कॉलम धरलेले नाहीत.

नऊ इंची फ्लायअॅश : एका ब्रास (१०० घनफूट) भिंतीला साधारण १,२५० विटा (९ × ४ × ३), चार बॅगा, २८ घनफूट वाळू. १० फूट उंच आणि १४ फूट लांब भिंत म्हणजे १०५ घनफूट, दार-खिडकी नसेल तर.

वाळू मोजताना एक लक्षात ठेवा : ओलसर वाळू कोरडीपेक्षा पाव भाग जास्त दिसते. ट्रॉली ओली आली असेल तर त्याप्रमाणे घमेली वाढवा, नाहीतर माल नकळत १:५ चा होतो. आणि काचेच्या ग्लासात वाळू, वर मीठ घातलेलं पाणी, हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर धुऊन घ्या.

ओळंबा

आणि बोअर पावसाआधी उरकून घ्या. जूनमध्ये काळ्या मातीत बोअरच्या कडा ढासळतात, तळाला चिखल साचतो, आणि पाइल मुरमावर न बसता त्या चिखलावर बसतो. ओतण्याआधी प्रत्येक बोअरमध्ये सळई सोडून खोली मोजा. खोदताना मोजली होती त्यापेक्षा कमी भरली, तर आधी गाळ काढा.