कुंपणावरची निळी फळं आणि घरची स्लो जिन: सल्ला हवा आहे

तुरटगोड, १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही इंग्लंडात श्रॉपशरमध्ये राहायला आलो. घरामागून एक पायवाट जाते, दोन्ही बाजूंना शेतांची जुनी काटेरी कुंपणं. ऑगस्टभर पोरांनी त्यातल्या ब्लॅकबेरी खाऊन शर्ट रंगवले. आता त्याच कुंपणात निळी-काळी गोल फळं लगडली आहेत, वर राखेसारखी भुरी. काल एक चावून पाहिलं. कच्चं जांभूळ आणि कच्चं केळं एकदम तोंडात कोंबल्यासारखं झालं, जीभ अर्धा तास टाळूला चिकटून. शेजारचे आजोबा हसत म्हणाले, ही खायची नसतात, जिनमध्ये घालायची असतात!

तर ही स्लोच ना? तोडली तर शेतकरी अंगावर येईल का? आणि कृती काय? नवऱ्याचं म्हणणं, घरी दारू म्हणजे हातभट्टीच, डोळे जातील. जाणकारांनी सांगा.

काटेकोर, १४ सप्टेंबर

ताई, आधी ओळख, मग चव. उलटं पुन्हा करू नका, विशेषतः पोरं बघत असताना.

स्लो म्हणजे ब्लॅकथॉर्नचं फळ, आपल्या आलुबुखारचा रानटी चुलतभाऊ. फळ बोराएवढं, फांदीला अगदी चिकटून, भुरी बोटाने पुसली की खाली काळंभोर. चिरलंत तर आत हिरवट गर आणि एकच कोय. फांद्यांना लांब, ताठ काटे. हे सगळं जुळलं पाहिजे. एखाद-दुसरी खूण जुळली म्हणून पिशवी भरायला लागू नका.

घोटाळा होतो तो पर्जिंग बकथॉर्नशी. त्यालाही काटे, त्याचीही फळं काळी. पण ती चकचकीत, भुरी नाही, आणि आत तीन-चार बिया. नावातच रेच आहे, त्यामुळे परिणाम सांगत बसत नाही. प्रिव्हेट नावाच्या कुंपणाच्या झुडपाची काळी फळं फांदीच्या टोकाला घोसाने येतात, तीही विषारी. आणि बेलाडोना, जीवघेणं विषारी रोप: चकचकीत काळं, एकेकटं फळ, खाली पाच पाकळ्यांची हिरवी चांदणी. ती चांदणी दिसली की हात मागे.

शिवाय तुमच्या भागात कुंपणात डॅमसनही सापडतं, आलुबुखारचीच एक जात. ते मोठं, लांबट, देठाला लोंबणारं. ते मिळालं तर खुशाल घ्या, मला तर त्याची जिन स्लोपेक्षा आवडते.

जाड हातमोजे घाला. ब्लॅकथॉर्नच्या काट्याचं टोक बोटात मोडून राहिलं की पू होतो, सांध्यात गेलं तर सरळ डॉक्टरकडे. माझं मधलं बोट एकदा तीन आठवडे वाकत नव्हतं.

पायवाट, १५ सप्टेंबर

कायद्याचं मी सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ चा चोरीचा कायदा आहे. आपोआप उगवलेल्या झाडाची फळं, फुलं, पानं, अळंबी घरच्यासाठी तोडली तर ती त्या कायद्याखाली चोरी नाही. विकायला तोडली तर चोरी. म्हणजे तुमची बाटली मैत्रिणीला भेट दिलीत तर ठीक, बाजारात टेबल मांडलंत तर नाही.

पण पायवाटेवर चालायचा हक्क म्हणजे शेतात शिरायचा हक्क नव्हे. हात पोचेल तेवढं वाटेवरून घ्या, फाटक ओलांडायचं तर विचारा. मी दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी "घ्या की" हेच उत्तर येतं, वर कुठलं झाड जास्त लागलंय तेही कळतं. मुळासकट रोप उपटणं मात्र जमीनमालकाच्या परवानगीशिवाय गुन्हाच.

आणखी एक, कमरेच्या खालची फळं सोडून द्या. वाटेवर कुत्री फिरतात. पुढे लिहीत नाही.

मुरांबा, १५ सप्टेंबर

यजमानांना सांगा, मराठीने तुमची फसगत केली आहे. दारू गाळणं वेगळं आणि बरणीतली दारू फडक्यातून गाळणं वेगळं! भट्टी लावून गाळायला इथे परवाना लागतो, नाहीतर सरळ गुन्हा. आपण करतो ते दुसरंच: दुकानातून कर भरलेली तयार जिन आणायची आणि तिच्यात फळ मुरवायचं. यात काही आंबत नाही, एवढ्या तीव्र दारूत यीस्ट तग धरत नाही. विषारी मेथॅनॉल नव्याने तयार होत नाही. लोणच्यात तेल करतं तेच काम इथे जिन करते. डोळे शाबूत राहतील, जिभेचं मात्र सांगत नाही.

माझं प्रमाण, बारा वर्षं हेच: अर्धा किलो स्लो, पाव किलो साखर, ७० सेंटिलिटरची एक बाटली जिन. महागडी आणू नका, फळ तिची सगळी ऐट पुसून टाकतं. पण ३७.५ टक्क्यांच्या खालचं काही वापरू नका. फळाचा रस आणि साखर मिसळून शेवटी तीव्रता २५ च्या आसपास उतरते, सुरुवातच कमी असेल तर टिकण्याचा भरवसा नाही.

फळं धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून रात्रभर फ्रीझरमध्ये टाका. जुनी माणसं पहिलं दव गोठेपर्यंत थांबायची, मग एकेक फळ सुईने टोचत बसायची. फ्रीझरमध्ये सालं आपोआप तडकतात. सकाळी बरणीत फळं, वरून साखर, वरून जिन. फळं पूर्ण बुडाली पाहिजेत, वर तरंगत उघडी राहिली तर बुरशी धरते. पहिला आठवडा रोज बरणी उलटीसुलटी करा, नंतर आठवड्यातून एकदा. अंधाऱ्या कपाटात ठेवा, उजेडात रंग विटतो. मी सवयीने झाकणावर दादराही बांधते. गरज काही नाही, पण बरणीला दादरा नसला की मला ती बरणी वाटतच नाही.

तीन महिन्यांनी ओल्या मलमलीतून गाळा. पिळू नका, पिळली की गढूळ होते.

कोरडीजीभ, १६ सप्टेंबर

मुरांबाताईंची माफी मागून: साखर आधी घालू नका!

दर वर्षीचं फळ वेगळं. उन्हाळा चांगला गेला तर स्लो बऱ्यापैकी गोड, नाहीतर नुसता तुरट. आधीच पाव किलो ओतलीत तर मग काढता येत नाही. मी फळ आणि जिन एवढंच मुरवतो, गाळल्यावर साखरेचा पाक थंड करून चमच्या-चमच्याने घालतो आणि चाखत जातो. बहुतेक वेळा १५० ग्रॅमच्या आतच थांबतो. बाजारातल्या स्लो जिन मला खोकल्याच्या औषधासारख्या लागतात त्या साखरेमुळेच.

मुरांबा, १६ सप्टेंबर

माफी मंजूर, मत नामंजूर. साखर फळातून रस ओढून काढते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर काय होतं ते पाहिलंय ना? तुमच्या पद्धतीत अर्धा रस फळातच राहतो. फार तर १०० ग्रॅम आधी घाला, बाकी चवीने नंतर.

कोरडीजीभ, १६ सप्टेंबर

१०० वर तह. :)

चिमुटभर, १८ सप्टेंबर

वाचतेय. कोयी काढायच्या का? कुठेतरी सायनाइड वगैरे वाचलं आणि घाबरले.

काटेकोर, १८ सप्टेंबर

स्लो, डॅमसन, जर्दाळू, सगळ्यांच्याच कोयीत अमिग्डालिन असतं, त्यातून सायनाइड सुटू शकतं. कोय अख्खी असेल तर तीन महिन्यांत बदामाचा हलका वास तेवढा उतरतो, आणि तोच तर स्लो जिनची खूण. फक्त कोयी फोडू नका, मिक्सरमध्ये फळं घालू नका, आणि बरणी गाळायची विसरून दोन वर्षं ठेवू नका.

खरी काळजी घ्यायची ती एल्डरबेरीची, कुंपणातल्याच बारीक काळ्या फळांची. तिची पानं, देठ, कच्ची फळं पोट ढवळून काढतात. पिकलेली फळंसुद्धा काट्याने देठावरून ओरबाडून, शिजवून वापरतात. नवख्याने पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

पायवाट, १८ सप्टेंबर

ब्लॅकबेरी उरल्या असतील तर व्हिस्कीत टाका. साखर निम्मी, दोन महिन्यांत तयार. पण घाई करा. इथे म्हणतात की २९ सप्टेंबरच्या मायकलमस सणानंतर सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो. आपल्याकडे पाऊस पडला की करवंदात अळ्या, तसंच. खरं कारण एवढंच की उशिराची फळं पाणचट होतात आणि बुरशी धरतात.

तुरटगोड, ५ ऑक्टोबर

मंडळी, घात झाला. फळं जरा मऊ होऊ देत म्हणून थांबले होते. आज पिशवी, हातमोजे, पोरं, सगळा लवाजमा घेऊन गेले तर ट्रॅक्टरने कुंपण दोन्ही बाजूंनी सपाट तासलेलं. वाटेवर चेंदलेल्या फळांचा निळा चिखल. धाकटा रडायलाच लागला.

पायवाट, ५ ऑक्टोबर

अरेरे. पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना कुंपण छाटायला बंदी असते. ती उठली की ट्रॅक्टर निघतात, जमीन चिखलाची व्हायच्या आत उरकायचं असतं. त्यांचंही चूक नाही.

पुढच्या वेळेसाठी: ब्लॅकथॉर्नला फुलं आदल्या वर्षीच्या फांदीवर येतात, त्यामुळे दरसाल तासल्या जाणाऱ्या कुंपणाला फळ जेमतेम धरतं. दोन-तीन वर्षांतून एकदा छाटलेलं, झिपऱ्या सुटल्यासारखं दिसणारं कुंपण शोधा. मार्च-एप्रिलमध्ये पानं फुटायच्या आधीच ते पांढरंशुभ्र फुलतं. तेव्हाच फिरून जागा हेरून ठेवायची आणि कुणाला सांगायची नाही. यंदासाठी, एखादी बंद पडलेली रेल्वेची वाट जवळ आहे का? ती बहुतेक वेळा कुणी तासत नाही.

तुरटगोड, १९ ऑक्टोबर

आहे! जुनी रेल्वेची वाट सायकलींसाठी मोकळी केलेली आहे, तिथे उतारावर पुरुषभर उंचीच्या जाळ्या सापडल्या. दोन तासांत ९०० ग्रॅम. शेंड्याची फळं फील्डफेअर पक्ष्यांसाठी ठेवली, म्हणजे खरं सांगायचं तर हात पोचला नाही. काटेकोर, प्रत्येक फांदीचं एकेक फळ चिरून पाहिलं: हिरवा गर, एक कोय. नवऱ्याने स्वतःहून काटे सोसले, मात्र हातभट्टीचा धोशा चालूच.

दोन बरण्या केल्या, प्रत्येकीत ४५० ग्रॅम फळं. एक मुरांबाताईंची, एक तहाची. चार दिवसांत पहिलीचा रंग कोकम सरबतासारखा झालाय, दुसरी अजून गुलाबी.

मुरांबा, १९ ऑक्टोबर

बघा. कैरी आणि मीठ.

कोरडीजीभ, २० ऑक्टोबर

रंगावर जाऊ नका, जानेवारीत चवीवर बोलू.

चिमुटभर, २० ऑक्टोबर

गाळून उरलेल्या फळांचं काय करता? टाकवत नाहीत.

मुरांबा, २० ऑक्टोबर

टाकायची कशाला? एकेक कोय सोडवून गर वितळलेल्या काळ्या चॉकलेटमध्ये घालायचा आणि थापून वड्या पाडायच्या. किंवा तीच फळं सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या दारूत, आठवडाभर घाला. डेव्हनकडे त्याला स्लायडर म्हणतात. पण डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्याकडे त्या वड्या एकदा सोवळ्यातल्या काकूंनी तीन खाल्ल्या आणि चौथी मागितली.

तुरटगोड, २० ऑक्टोबर

डब्याला चिठ्ठी लावतेय. बरण्यांना दादरे बांधले, आईच्या जुन्या सुती साडीचे. १९ जानेवारीला गाळून इथेच कळवते.