मालवण, दत्तजयंती, नऊ मित्र: होडीतून कुठे फिरावं?

नगरकर_72: कॉलेज सुटून 25 वर्षं झाली, म्हणून दत्तजयंतीला आम्ही नऊ जण मालवणला निघालोय. वॉटर स्पोर्ट्स नकोत. दोन-तीन तास निवांत होडीतून बेटं बघायची आहेत. माणशी 500 रुपयांच्या वर जमणार नाही. एकाचा गुडघा बदललाय, त्याला चढउतार सोपी हवी.

पांढरा_रस्सा: मालवणला जाऊन स्कुबा नाही? आम्ही केलं, मासे अगदी काचेसमोरून जात होते. पैसे थोडे वाढवा राव.

दर्यावर्दी: निवती रॉक्स! भर समुद्रात दीपगृह, कपारींत पाकोळ्यांची घरटी. आम्ही अख्खी होडी ठरवली होती, डॉल्फिनही दिसले. पैशांचं नंतर बघा.

मीनल_ठाणे: गुडघेवाल्याला खडकांवर कसं नेणार? देवबागहून त्सुनामी आयलंडला जा, वाळूवर उतरायचं असतं. लाइफ जॅकेट मात्र आधी तपासा. आमच्या होडीत मुलीच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं निघालं. ओढणीने बांधलं आणि परत येईपर्यंत तिचा दंड सोडला नाही.

पांढरा_रस्सा: ते बेट 2004 च्या त्सुनामीत तयार झालं.

देवबागकर: नाव तेवढं तेव्हापासूनचं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली वाळू ती, सरकत असते. आणि आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेचे 15 धरा, सव्वाअकराला भरती, तीही उधाणाची. वाळू पाण्याखाली. सुकती, म्हणजे ओहोटी, मिळेल संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, पण दुपारनंतर खारा वारा सुटतो, होडी उसळते. अष्टमीला या, बाराला सुकती.

दर्यावर्दी: उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या. निवती सोडू नका.

मीनल_ठाणे: देवबागच. सकाळी समुद्र शांत असतो.

देवबागकर: ताई, सकाळी शांत असतो हे खरंच, पण त्या दिवशी वाळू बुडत चाललेली असेल.

नगरकर_72: सगळ्यांचे आभार. रजा मंजूर झाल्यात, अष्टमी जमणार नाही. म्हणून देवबागही नाही आणि निवतीही नाही, आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातोय. पाणी चढलेलं असताना होडीची कड धक्क्याच्या बरोबरीला येईल, मित्राला एकच पाऊल टाकायचं. साधारण तासाभराने परत बोलावतात असं कळलं, त्यामुळे जास्त वेळ थांबण्याचं होडीवाल्याशी आधीच बोलून घेऊ. चुन्यातले महाराजांच्या हातापायाचे ठसे मी शाळेच्या सहलीत पाहिले होते. भोवती खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या विहिरी, हे मित्रांना दाखवायचंय.

दर्यावर्दी: किल्ला सगळेच बघतात हो.

देवबागकर: चांगलं केलंत. मित्राला तटावर चढवू नका, पायऱ्या उंच आहेत. आणि एकच्या आत परत फिरा. पाणी उतरलं की धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळाने निसरड्या.