शब्दचर्चा: ‘कन्सर्न्स रेझ केल्या’ हे मराठीत कसं म्हणायचं?

टिपणवही:
मदत हवीये. एका दिवाळी अंकासाठी ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिस प्रकरणावर लेख करतेय. हॉरायझन नावाच्या कॉम्प्युटर सिस्टीमने हिशेबात नसलेली तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ च्या दरम्यान पोस्ट चालवणारे ९०० हून जास्त लोक चोरीच्या, खोट्या हिशेबाच्या गुन्ह्यात दोषी ठरले, ते प्रकरण. त्यात जेम्स आर्बथनॉट या तेव्हाच्या खासदारांचं काम फार मोठं आहे. हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो गावात पोस्ट चालवणाऱ्या एका बाईंवर ३६ हजार पौंडांचा ठपका आला, गाव यांच्या मतदारसंघातलं, बाई यांच्याकडे आल्या आणि यांनी त्यांचं म्हणणं खरं मानलं. माझ्या कच्च्या खर्ड्यात वाक्य होतं, ‘मागच्या बाकावरच्या या खासदाराने मतदारांच्या चिंता संसदेत उपस्थित केल्या.’ संपादकांनी ‘मागच्या बाकावरच्या’ खोडून ‘सामान्य’ केलंय आणि बाकीचं तसंच ठेवलंय. मला आता तिन्ही शब्द खटकायला लागलेत. बॅकबेंचर, कॉन्स्टिट्युअंट आणि कन्सर्न, तुम्ही काय लिहाल?

जुनी_पेठ:
चिंता उपस्थित होत नाहीत हो. चिंता वाटते, लागते, चिंता करतात, मिटते. उपस्थित होतो तो प्रश्न. हे ‘चिंता उपस्थित केली’ टीव्हीवरच्या बातम्यांतून आलंय आणि आता पेपरातही सर्रास दिसतं, वाचताना दाताखाली खडा येतो. साधं ‘लोकांचे प्रश्न मांडले’ लिहा, विषय संपला.

टिपणवही:
‘प्रश्न मांडले’ मी आधी लिहिलं होतं, पण पुढच्याच परिच्छेदात प्रश्नोत्तरं येतात. तिथे दर बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधानांना अर्धा तास प्रश्न विचारतात, मंत्र्यांना वेगळे, लेखी वेगळे. आर्बथनॉट यांनी १७ डिसेंबर २०१४ ला जे केलं त्यात त्यांनी प्रश्न विचारला नव्हता, वेस्टमिन्स्टर हॉल या संसदेच्या दुसऱ्या चर्चा-दालनात यावर चर्चा लावली होती. एकच ‘प्रश्न’ दोन अर्थांनी आला की वाचणारा गोंधळतो.

स्लाउकर:
संपादकांनी ‘सामान्य’ केलं ते तर चूकच आहे, माहितीनेच चूक. आर्बथनॉट आधी संरक्षण खात्यात मंत्री होते, नंतर कितीतरी वर्षं संरक्षण समितीचे अध्यक्ष. बॅकबेंचर म्हणजे ज्याच्याकडे आत्ता मंत्रिपद नाही आणि विरोधी पक्षाच्या शॅडो मंडळातही, म्हणजे एकेका मंत्र्यासमोर त्यांनी नेमलेल्या प्रतिमंत्र्यांतही, जो नाही तो. थेरेसा मे पंतप्रधानपद गेल्यावर २०१९ ला बॅकबेंचर झाल्या, त्यांना सामान्य म्हणणार का? आणि बाकाचंही शब्दशः घेऊ नका, एडवर्ड हीथ पंतप्रधानपदानंतर कितीतरी वर्षं बसायचे ते पुढच्याच रांगेत, फक्त मधल्या वाटेच्या पलीकडे. बोल्सोव्हरचे खासदार डेनिस स्किनरही तिथेच बसायचे. मुळात सदस्य ६५० आणि बसायला जागा ४२७ च्या आसपास, गर्दीच्या दिवशी कितीतरी बॅकबेंचर दाराशी उभे असतात.

वऱ्हाडी_बाणा:
म्हणजे पुढच्या बाकावर बसलेला बॅकबेंचर. मग ‘मागच्या बाकावरचा’ लिहून काय उपयोग, मराठी माणसाच्या डोक्यात मागचा बाक म्हटलं की शाळाच येते, ढ पोरगा नाहीतर वात्रट पोरगा. इथे तर सगळ्यांत चिकाटीचा माणूस आहे. मी म्हणतो ‘बिनपदाचा खासदार’ करा. बिनखात्याचा मंत्री आपण म्हणतोच की.

शब्दवेध:
‘पश्चासनी सदस्य’ असा शब्द बनवता येईल. पीठासीन अधिकारी जर चालतो तर पश्चासनी का नको? महापौर हा शब्दसुद्धा सावरकरांनी दिला तेव्हा लोकांना अवघडच वाटला असणार, आज रिक्षावालासुद्धा महापौर म्हणतो. शब्द वापरला की रुळतो, वापरायचाच नाही आणि रुळत नाही म्हणायचं हे बरोबर नाही.

वऱ्हाडी_बाणा:
महापौर रुळला कारण महापौर प्रत्येक शहरात असतो, रोज लागतो. पश्चासनी कोणाला लागणार, वर्षातून एका लेखात?

जुनी_पेठ:
बाक हा शब्द मात्र संसदेला आपल्याकडे उत्तम बसलाय. सत्ताधारी बाकं, विरोधी बाकांवरून घोषणा, हे पन्नास वर्षं वाचतोय. माझा अंदाज बाक पोर्तुगीजांकडून आला, बांको वरून.

शब्दवेध:
बाक म्हणजे वाकण, ते वक्र वरून आलं. कमरेत बाक आला म्हणतो ना.

जुनी_पेठ:
अहो ते वेगळं. बसायचं बाक आणि कमरेतला बाक दिसायला सारखे म्हणून भावंडं होत नाहीत, शाळेतलं बाकडं तर चांगलं सरळ असतं.

कणकवलीची_माई:
तुम्ही सगळे बाकावर अडकलात, तिचा खरा अडसर कन्सर्न आहे. त्याला आमच्याकडे जिवंत शब्द आहे, गाऱ्हाणं. देवळात सगळा गाव जमतो आणि मानकरी एकटा देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, कोणाची गुरं, कोणाची नोकरी, मुंबईत असलेल्या चाकरमान्याची आठवणसुद्धा ठेवतो, आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मी ब्रिटिश पार्लमेंट यूट्यूबवर पहिल्यांदा बघितलं, एक माणूस उभा राहून कुठल्यातरी गावच्या हॉस्पिटलबद्दल बोलत होता आणि मागचे ‘हियर हियर’ करत होते, मला आमचं देऊळच दिसलं. म्हणून ‘मतदारसंघातल्या लोकांचं गाऱ्हाणं संसदेत घातलं’ असं लिही बाळा. मांडलं पण नको, घातलंच.

जुनी_पेठ:
माई, देशावर गाऱ्हाणं म्हणजे नुसती कुरकुर. ‘सारखं काय गाऱ्हाणं लावलंय’ असं आई म्हणायची. पुण्या-साताऱ्याचा वाचक ते वाचून म्हणेल हा खासदार रडत होता. आणि मूळ शब्द गर्हणा असेल तर त्यात निंदा आली, प्रार्थना नाही.

कणकवलीची_माई:
मुळात काय होतं त्यावर शब्द चालत नाही. आमच्या देवळात कोणी देवाची निंदा करत नाही. दिवाळी अंक कोकणातपण वाचतात.

स्लाउकर:
माईंना माझा जोरदार पाठिंबा, आणि कारण भावनेचं नाही, इतिहासाचं आहे. त्या सभागृहाचं जुनं तत्त्वच असं की आधी गाऱ्हाणी दूर करा मग राजाला पैसे मंजूर करतो. राजाला लढायांना पैसा लागायचा, तो हवा म्हणून तो यांना बोलवायचा आणि हे आपापल्या भागाच्या तक्रारींचे अर्ज घेऊन यायचे. आजही खासदार लोकांच्या सह्यांचा अर्ज सभागृहात वाचून स्पीकरच्या खुर्चीमागे टांगलेल्या पिशवीत टाकतो, खरीखुरी कापडी पिशवी आहे. तेव्हा ‘चिंता’ हा शब्द फार मिळमिळीत आहे, मूळ गोष्ट दाद मागण्याची आहे.

हिशेबनीस:
दाद! हाच शब्द घ्या. फारसीत दाद म्हणजे न्याय. दाद मागितली, दाद लागली नाही, दाद दिली नाही, मराठीत पूर्ण संसार आहे या शब्दाचा. त्या पोस्टवाल्या लोकांना न्यायच हवा होता. ‘संसदेत दाद मागितली’ म्हणा, चार शब्दांत प्रकरण येतं.

शब्दवेध:
पुन्हा फारसी. फिर्याद, तक्रार, कैफियत, अर्ज, दाद, सगळं बाहेरचं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करून घेतला? आपल्याला ‘गाऱ्हाणे’ घरचं आहे, ‘व्यथा’ आहे, ‘लोकव्यथा मांडल्या’ म्हणा.

हिशेबनीस:
व्यथा कवितेत. ३६ हजार पौंडांचा खोटा ठपका ही व्यथा नाही, तो अन्याय आहे. आणि शब्दवेध, ‘खासदार’ लिहिताना तुम्हाला फारसी आठवत नाही का? खास आलाय अरबीतून, दार फारसीतून. ‘मतदार’ तर अर्धा संस्कृत अर्धा फारसी. वापरणाऱ्याने कुठून आणला ते बघितलं नाही, कामाला आला म्हणून ठेवला, आणि मराठी त्याने गरीब झाली नाही. तक्रारीचं तर मला फार आवडतं, अरबीत तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणं. खासदाराचं काम तेच, एकदा बोलून कोण ऐकतंय.

स्लाउकर:
यावरून डेव्हिड एमेस आठवले. साउथएंड वेस्टचे खासदार, १९८३ पासून सभागृहात, मंत्री कधीच झाले नाहीत. साउथएंडला शहराचा दर्जा द्या ही मागणी त्यांनी इतक्या वेळा केली की विषय कुठलाही असो, ते उठले की साउथएंड येणारच हे सगळ्यांना माहीत. १५ ऑक्टोबर २०२१ ला शुक्रवारी ते ली-ऑन-सी मधल्या चर्चमध्ये लोकांना भेटायला बसले होते तिथे त्यांचा खून झाला. तीन दिवसांनी पंतप्रधानांनी सभागृहात जाहीर केलं की राणीने साउथएंडला शहराचा दर्जा द्यायचं मान्य केलंय. त्याआधी २०१६ मध्ये खासदार जो कॉक्स यांचा बर्स्टॉलच्या वाचनालयाबाहेर खून झाला, त्याही अशाच लोकांना भेटायला चालल्या होत्या. या भेटीगाठींवर दोन खासदारांचा जीव गेलाय, म्हणून टिपणवही, तुमच्या लेखात त्या भेटीसाठी शब्द काय घेतलाय? इंग्रजीत त्याला सर्जरी म्हणतात.

टिपणवही:
घेतलाच नाहीये अजून, वाक्य कंसात टाकून ठेवलंय. ‘शुक्रवारची सर्जरी’ लिहिलं तर लोक म्हणतील खासदारांचं ऑपरेशन होतं.

वऱ्हाडी_बाणा:
तिथे डॉक्टरच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात ना, लोक नंबर लावून एकेक आत जातात, आपलं दुखणं सांगतात, त्यावरूनच आलं असणार. आपल्याकडे ‘जनता दरबार’ आहे की तयार.

हिशेबनीस:
दरबार नको. दरबारात एक जण वर बसतो आणि बाकीचे हात जोडतात, शिवाय शंभर लोकांसमोर बोलावं लागतं. तिथे खासदार, एखादा मदतनीस आणि तुम्ही, एवढंच. कोणी घरातल्या मारहाणीचं सांगतं, कोणी घरमालकाचं.

कणकवलीची_माई:
भेटीचा वार. आमच्याकडे वैद्य यायचे त्यांचा वार ठरलेला असायचा.

स्लाउकर:
हिशेबनीस म्हणतात ते बरोबर आहे, मी जाऊन आलोय. आमच्या भागातली बस बंद केली होती, सासूबाईंना दवाखान्यात न्यायची पंचाईत झाली म्हणून गेलो होतो. समोरच्या खुर्चीत बसून बोललो, त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या पोस्टकोडचा, कारण दुसऱ्या खासदाराच्या भागातल्या माणसाचं काम घ्यायचं नाही असा तिथला रिवाज आहे. तुम्ही मत कोणाला दिलंत हे कोणी विचारत नाही. आणि इथेच ‘मतदार’ हा शब्द फसतो. कॉन्स्टिट्युअंट म्हणजे त्या भागात राहणारा प्रत्येक जण, शाळेतली पोरं, ज्याचं यादीत नाव नाही तो, ज्याने विरोधात मत दिलं तोसुद्धा. आपली भारतातून आलेली मुलं तर मतदारही असतात, कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून त्यांना तिथल्या निवडणुकीत मत देता येतं, कितीतरी जणांना हे माहीतच नसतं.

शब्दवेध:
मतदारसंघवासी.

जुनी_पेठ:
रयत म्हटलं तर? भागातली सगळी माणसं येतात त्यात.

हिशेबनीस:
रयत राजाची असते, खासदाराची नाही. उलट आहे, खासदार लोकांचा असतो. ‘आपल्या भागातली माणसं’ म्हणा, त्यात काय कमी पडतं?

गिरगावकर:
उशिरा आलो. कॉन्स्टिट्युअंट कोण हा वाद आपल्या दादाभाईंनीच करून ठेवलाय. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेला माणूस १८९२ ला लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आला. मतं फिन्सबरीच्या लोकांची आणि डोळे लावून बसलेला अख्खा हिंदुस्थान, ज्यातल्या एकालाही तिथे मत नव्हतं. मंत्री नव्हते, बॅकबेंचरच. १८९३ मध्ये सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा लंडनसोबत हिंदुस्थानातही घ्या हा ठराव सभागृहात मंजूर झाला त्यामागे त्यांचा किती जोर होता, सरकारने पुढे तो अमलात आणला नाही ही गोष्ट वेगळी. त्यांच्या आधी चार्ल्स ब्रॅडलॉ, मतदारसंघ नॉर्थॅम्प्टन, आणि लोक म्हणायचे हिंदुस्थानचा सदस्य, १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते आले होते. यांचे कॉन्स्टिट्युअंट कोण सांगा बरं, नॉर्थॅम्प्टनचे चांभार की आपण?

जुनी_पेठ:
दोन्ही. म्हणून तर ‘मतदार’ नको आणि ‘आपल्या भागातली माणसं’ पण नको. ‘ज्यांच्या वतीने तो बोलतो ते लोक’.

टिपणवही:
एवढं लांब मला दर परिच्छेदात लिहिता येणार नाही. आत्तापुरतं वाक्य असं झालंय, ‘मंत्रिपदावर नसलेल्या या खासदाराने आपल्या भागातल्या पोस्टवाल्या बाईंसाठी संसदेत दाद मागितली आणि लावून धरली.’ बॅकबेंचर शब्द पहिल्यांदा येईल तिथे देवनागरीत ठेवून समजावून सांगते. गाऱ्हाणं मला मनापासून आवडलंय पण संपादक पुण्याचे आहेत. अजून एक अडलंय. दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात एका खासदाराला आपल्या भागाचा विषय मांडायला देतात आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, ती अ‍ॅडजर्नमेंट डिबेट. स्थगन चर्चा चालेल?

हिशेबनीस:
दाद मागतात, लावून धरत नाहीत. लावून धरतात ते प्रकरण. आणि स्थगन अजिबात नको, आपल्याकडे स्थगन प्रस्ताव म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला सारून तातडीचा विषय घ्या म्हणणं, सरकारला धारेवर धरायचं हत्यार. तिथे दिवस संपताना सभागृह जवळपास रिकामं असतं आणि एक माणूस आपल्या गावच्या पुलाबद्दल बोलत असतो, दोन्हीचा संबंध नाही.

वऱ्हाडी_बाणा:
विधानसभेत ‘लक्षवेधी’ आहे ना.

गिरगावकर:
लक्षवेधी जवळची आहे पण ती सूचना असते. ‘अर्धा तास चर्चा’ आहे आपल्या नियमांत, पण ती आधी दिलेल्या उत्तरावरून काढतात. नाव तेवढं उसनं घेता येईल.

शब्दवेध:
मला वेगळाच प्रश्न पडलाय. त्या सभागृहाचं नाव कॉमन्स, म्हणजे आम लोकांचं. मग तिथल्या सदस्याला आपण खासदार का म्हणतो, आमदार म्हणायला पाहिजे.

स्लाउकर:
कॉमन्स म्हणजे आम लोक असं नाही, तो शब्द कम्यून वरून आहे, म्हणजे परगण्यांचे आणि गावांचे समुदाय. समुदाय आपला माणूस पाठवायचा.

कणकवलीची_माई:
म्हणजे मानकरीच की तो.

जुनी_पेठ:
मानकरी वतनाने असतो माई, निवडून येत नाही.