‘डी’ ड्राइव्ह उघडत नाही. कानबाईच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे परत मिळतील का?

प्रश्न (अमळनेर)

आमच्या संगणकात १ टीबी क्षमतेची, फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असून तिचे ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन भाग केलेले आहेत. काम चालू असताना वीज गेली आणि तेव्हापासून ‘सी’ नीट चालतो, पण ‘डी’ उघडायला गेले की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या भागाची फाइल सिस्टिम (फाइली मांडण्याची व त्यांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत) ‘रॉ’ अशी दिसते. त्यात माझ्या दिवंगत आजीने श्रावणात कानबाई देवी बसवताना म्हटलेल्या अहिराणी गाण्यांची ध्वनिमुद्रणे, लग्नकार्यांचे फोटो आणि शेताच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती आहेत. सातबारा पुन्हा काढता येईल. गाणी मात्र दुसरीकडे कोठेही नाहीत. एका दुकानदाराचे म्हणणे आहे की आधी फॉरमॅट करू आणि मग सॉफ्टवेअरने फाइली काढू. हे योग्य आहे का?

उत्तर (भुसावळ)

ताई, फॉरमॅट मुळीच करू देऊ नका. झटपट फॉरमॅटमध्ये सगळा मजकूर पुसला जात नाही हे खरे, पण नवी फाइल सिस्टिम जिथे लिहिली जाते तिथल्या जुन्या नोंदी जातात. आणि विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केल्यास त्या भागावर सर्वत्र शून्ये लिहिली जातात, त्यानंतर काहीही परत मिळत नाही. विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेकडिस्कही आत्ता नको. ती फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवते आणि त्यासाठी तुमच्या फाइलींच्या नोंदी कापायलाही मागेपुढे पाहत नाही.

‘रॉ’ याचा अर्थ विंडोजला त्या भागाची रचना ओळखता आली नाही, इतकाच आहे. पुष्कळदा केवळ सुरुवातीचा बूट सेक्टर (त्या भागाची रचना सांगणारा डिस्कवरचा छोटा तुकडा) बिघडलेला असतो आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये त्याची दुसरी प्रत त्या भागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही.

‘सी’ त्याच डिस्कवर असल्यामुळे विंडोज चालू ठेवणे म्हणजे त्या दुखऱ्या डिस्कला सतत कामाला लावणे होय. संगणक बंद करा, पेन ड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) ‘इन्स्टॉल न करता’ सुरू करा आणि ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या नोंदी, पाहा. तेथील ५ आणि १९७ या क्रमांकांच्या नोंदी कळवा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यांपैकी काहीही न करता ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या.

उत्तर (धुळे)

‘डी’ला बिटलॉकरचे (मजकूर सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे) कुलूप होते का, तेही आठवून पाहा. असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. नसल्यास मी थेट फोटोरेक चालवले असते. ते फाइल सिस्टिमकडे न पाहता फाइलींच्या खुणांवरून एमपी३ आणि जेपीजी फाइली शोधून काढते.

प्रश्नकर्ती (अमळनेर)

बिटलॉकर नव्हते. आवाजही नेहमीसारखाच आहे. ५ क्रमांकाची नोंद शून्य आहे, परंतु १९७ची शून्य नाही.

उत्तर (भुसावळ)

१९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयासाठी ताटकळत असलेले सेक्टर. अशा डिस्कवर फोटोरेक थेट चालवण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण ते संपूर्ण भाग वाचते, खराब जागी डिस्कला झुंजवते आणि शेवटी फाइलींची मूळ नावे व फोल्डरही देत नाही. कोणते गाणे कोणत्या वर्षीचे, हे नावांवरूनच कळणार असेल तर ती नावेही वाचवण्याजोगी आहेत.

आधी ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने १ टीबीपेक्षा मोठ्या रिकाम्या डिस्कवर संपूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घ्या. कोणता भाग वाचून झाला याची नोंद ठेवणारी मॅप फाइल अवश्य द्या, म्हणजे वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होईल. तरीही यूपीएस लावाच. पहिल्या फेरीत खरवडण्याचा (खराब जागा एकेक सेक्टर करून वाचण्याचा) टप्पा वगळून सुस्थितीतील भाग उचला आणि खराब जागांकडे त्यानंतरच वळा. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर मूळ डिस्कच पुसली जाईल, त्यामुळे दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक आधी कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर मूळ डिस्क काढून ठेवा आणि प्रतिमेवर टेस्टडिस्क हे दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवून बूट सेक्टरची राखीव प्रत वापरून पाहा. ते जमले नाही, तर धुळ्याच्या दादांनी सुचवलेले फोटोरेक त्याच प्रतिमेवर चालवता येईल.

प्रश्नकर्ती (अमळनेर)

राखीव बूट सेक्टरमुळे फोल्डर मूळ नावांसह दिसले आणि कानबाईची गाणी मी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. आपणा दोघांची मी मनापासून ऋणी आहे. मात्र काही सेक्टर शेवटपर्यंत वाचले गेले नाहीत. त्यांचा फटका नेमक्या कोणत्या फाइलींना बसला, हे कसे ओळखावे?

उत्तर (भुसावळ)

प्रतिमेची आणखी एक प्रत करा. डीडीरेस्क्यूमध्ये ‘फिल मोड’ आहे. त्याने मॅप फाइलनुसार त्या प्रतीतील न वाचलेल्या जागा एखाद्या ठरावीक शब्दाने भरता येतात. मग ती प्रत जोडून सर्व फाइलींमध्ये तो शब्द शोधा. ज्या फाइलींमध्ये तो सापडेल, त्या बाधित आहेत. एमपी३ फाइलीत असा एखादा तुकडा गेला, तर बहुधा क्षणभराचा आवाज तुटतो आणि उरलेले गाणे ऐकू येते.