रक्तपिपासूंचे हे चित्रपट स्वप्नासारखे का वाटतात?

निशाचर: कार्ल ड्रायर यांचा ‘व्हँपीर’ (१९३२) आणि झाँ रोलँ यांचा ‘लेव्र द साँ’ (१९७५) लागोपाठ पाहिले. भीती अशी वाटलीच नाही. उलट पहाटेचे स्वप्न अर्धवट आठवत राहावे तसे दोन्ही चित्रपट दिवसभर मनात घोळत राहिले. ही दिग्दर्शकांची योजना मानावी, की तुटपुंज्या साधनांमुळे आपसूक झालेला परिणाम?

जुना प्रेक्षक: ड्रायर यांच्यापुरते बोलायचे तर योजनाच. छायालेखक रुडॉल्फ माटे यांनी कॅमेऱ्यापुढे जाळीदार कापड धरून चित्रण केले, त्यामुळे भर दिवसाही धुके दाटल्यासारखे दिसते. आवाज मागाहून आणि तीन भाषांत जोडायचा असल्याने संवाद मोजकेच ठेवले गेले, आणि माणसे बोलतच नाहीत म्हटल्यावर कशामुळे काय घडले हेही कोणी समजावून सांगत नाही. नायक शवपेटीत पडल्यापडल्या झाकणाच्या काचेतून वरची सरकती झाडे आणि आकाश पाहतो. तिथे आपणच मेलेले असतो आणि आपणच पाहत असतो.

भरती-ओहोटी: रोलँ यांच्याकडे पैसा कमी होता हे खरेच. त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मे १९६८ मध्ये, विद्यार्थ्यांच्या उठावाने पॅरिस पेटलेले असताना प्रदर्शित झाला आणि कथेचा धागा सापडेना म्हणून प्रेक्षक चिडले. पण नॉर्मंडीतील द्येप शहराजवळचा तोच गोटेरी किनारा ते चित्रपटामागून चित्रपटात दाखवत राहिले, हे गरिबीमुळे नव्हे. ‘लेव्र द साँ’चा नायक एका छायाचित्रातले भग्न किल्ल्याचे दृश्य पाहतो, त्याला बालपणीची विसरलेली रात्र आठवते, आणि शेवटी तो आणि त्या रात्री भेटलेली रक्तपिपासू मुलगी शवपेटीत शिरून ओहोटीबरोबर समुद्रात जातात. आठवणीवर विश्वास ठेवणाऱ्यालाच असा शेवट सुचतो.

शंकेखोर: थोडा विरोध नोंदवतो. हॅरी क्युमेल यांच्या ‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’मध्ये (१९७१) देल्फीन सेरिगसारखी नामवंत अभिनेत्री आहे, तरी तोच गुंगीचा अनुभव येतो, कारण बेल्जियममधल्या ओस्टेंडचे ते समुद्रकाठचे हॉटेल हंगाम नसल्याने रिकामे आहे. माझ्या मते किमया या ओस पडलेल्या जागांची आहे. शिवाय रोलँ यांचे काही प्रसंग निव्वळ रटाळ आहेत. ‘स्वप्नवत’ म्हणून त्यांवर पांघरूण घालू नये.

निशाचर: रटाळपणाबद्दल सहमत. तरीही किनाऱ्यावरचे प्रसंग मी भरभर पुढे सरकवून टाळू शकलो नाही.