विशेष मुलाला वाढवताना सकारात्मक कसे राहावे?

प्रश्न (एक आई, एरंडवणे)

आमच्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता आहे. तो तीन वर्षांचा असताना निदान झाले आणि तेव्हापासून स्पीच थेरपी व ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) नियमित चालू आहे. प्रगती होते आहे, परंतु ती इतकी संथ आहे की कधी कधी आपण आहोत तिथेच उभे आहोत असे वाटू लागते. नातेवाईक भेटले की "तू सकारात्मक राहा, देव अशी मुले निवडक आईवडिलांनाच देतो" असे सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो हे मला कळते. मात्र ते ऐकल्यावर मला अधिकच एकटे वाटते, कारण त्यानंतर आपण थकलो आहोत हे बोलून दाखवण्याची सोयच उरत नाही. सध्या नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आहे. पहिला ठोका पडला की मुलगा कान दाबून पलंगाखाली जाऊन बसतो आणि जेवायलाही बाहेर येत नाही. यजमानांचे ऑफिस हिंजवडीला असल्यामुळे ते घरी येईपर्यंत रात्र होते. ज्यांनी हे सारे अनुभवले आहे, त्यांनी आपले मन कशाच्या आधारावर टिकवले, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीची आई, सहकारनगर)

ताई, सर्वप्रथम एक गोष्ट ठामपणे सांगते: थकवा बोलून दाखवणे म्हणजे नकारात्मक असणे नव्हे. आपल्याकडे विशेष मुलाच्या आईला देव्हाऱ्यात बसवण्याची फार घाई असते, आणि एकदा तिथे बसवले की तिने रडायचे नाही, चिडायचे नाही, असे सगळे गृहीत धरतात. माझी मुलगी आज चोवीस वर्षांची आहे. तिची पहिली वर्षे हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या चिंतेत गेली. त्या काळात मला कोणाच्या उपदेशापेक्षा त्या शेजारीणबाईंचा आधार अधिक वाटला, ज्या काही न बोलता पोळ्या लाटून देत आणि तासभर मुलीजवळ बसत.

म्हणून माझा सल्ला असा की, "मदत लागली तर सांग" असे म्हणणाऱ्या माणसांना नेमके काम आणि नेमका वार सांगावा. रविवारची सकाळ यजमानांकडे सोपवावी आणि त्या वेळात आपण घरात थांबूही नये, कारण घरात असलो की पाच मिनिटांनी हाक येतेच. दुसरे म्हणजे, शेजारच्या मुलाशी किंवा त्याच थेरपी केंद्रातील दुसऱ्या मुलाशी तुलना करणे कटाक्षाने टाळावे. मी एका वहीत मुलीला नव्याने जमलेली गोष्ट तारखेसह लिहीत असे. "आज स्वतःहून चपला जागेवर ठेवल्या" एवढीच नोंद असे. पण सहा महिन्यांनी मागची पाने चाळली की मूल तिथेच उभे नाही, हे आपल्याच अक्षरात दिसते. आता ती संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे दिव्यांगांना देखरेखीखाली काम दिले जाते अशा ठिकाणी, जाते आणि दिवाळीआधी पणत्या रंगवण्याचे काम मन लावून करते.

उत्तर २ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

ढोलाच्या आवाजाने त्याचे पलंगाखाली जाणे हा हट्ट नाही; त्याच्या मेंदूला तो आवाज खरोखरच असह्य होतो आणि त्याने स्वतःसाठी शोधलेली ती सुरक्षित जागा आहे. त्याला ओढून बाहेर काढू नये. तिथेच एक मऊ गोधडी आणि त्याची आवडती वस्तू ठेवावी, आवाज कमी करणारे कानावरचे हेडफोन द्यावेत आणि सरावाची वेळ ठाऊक असल्यास त्याआधी जेवण उरकावे. अचानकपणा कमी झाला की भीतीही पुष्कळ कमी होते. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने कुकर लावताना "आता तीन शिट्ट्या होतील" असे आधी सांगून मुलाला बोटांवर मोजायला शिकवले. तो मुलगा आता तिसरी शिट्टी झाली की स्वतः "संपले" म्हणतो.

प्रगती संथ वाटत असेल तर शिकवण्याचा क्रम उलटा करून पाहावा. शर्टाचे बटण लावायचे असेल, तर ते काजात अर्धे आपण घालावे आणि उरलेले अर्धे ओढून घेणे एवढेच त्याच्याकडे द्यावे. अशाने शेवट नेहमी त्याच्या हातून होतो आणि काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला रोज मिळतो. त्याचा तो चेहरा पाहून आईलाही जे बळ येते, ते कोणत्याही उपदेशाने येत नाही. मात्र झोप उडणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तो मनाचा कमकुवतपणा न समजता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

उत्तर ३ (एक आजी, सदाशिव पेठ)

घरातील वडीलधाऱ्यांना एकदा थेरपीच्या वेळी सोबत न्यावे. नातवाला कसे शिकवतात हे प्रत्यक्ष पाहिल्यानंतर माझे "मोठा झाला की बोलेल" हे पालुपद थांबले आणि सुनेचा निम्मा भार मी उचलू लागले.

उत्तर ४ (एक वडील, वारजे)

आमच्या घरी रात्रीची झोप उडवणारा विचार एकच होता: आपल्यानंतर आपल्या विशेष मुलाचे काय? त्यावर कागदपत्रांच्या कामाने मला सर्वांत अधिक धीर दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र, काढले नसल्यास आधी ते काढावे. त्यानंतर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव नोंदवावे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही धरला जातो. यजमान जुन्या करप्रणालीत असतील, तर दिव्यांग अवलंबितासाठी आयकरात ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याला अजून अवकाश आहे, परंतु आपल्यानंतर त्याचा पालक कोण असावा हे भावंडांशी आतापासूनच मोकळेपणाने बोलून ठेवावे. आमच्याकडे हे बोलणे माझ्या धाकट्या बहिणीनेच काढले, आणि त्या रात्री आम्ही दोघेही शांत झोपलो.