फायबर ऑप्टिक प्रेशर सेन्सर दुपारी कमी दाखवतो, काय करू?

बायोमेड_नागपूर: कवटीतला दाब मोजणारा सेन्सर कॉलेजच्या लॅबमध्ये तपासतेय. फायबरच्या टोकाला बंद पोकळी आणि पातळ पडदा. पडदा वाकला की परतणारा प्रकाश बदलतो. पाण्याच्या स्तंभाखाली सकाळी रीडिंग बरोबर येतं, दुपारी उतरतं. मे महिना, लॅबमध्ये फक्त कूलर. सेन्सर खराब आहे का?

जुना_टेक्निशियन: लगेच खराब नका ठरवू जी. संशयित दोन आहेत. पोकळीत हवा असेल तर ती तापून पडद्याला बाहेर ढकलते, रीडिंग घटतं. दुसरं, बंद पोकळीचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाबही मोजतो, आणि तो सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दोन-तीन मिमी पाऱ्याने उतरतो. मेंदूतला नॉर्मल दाबच ७ ते १५ मिमी, तिथे एवढा फरक चालत नाही. वॉटर बाथ ३७ अंशांवर बांधा, शेजारी बॅरोमीटर ठेवून त्यातला फरक वजा करा. १० मिमी पारा म्हणजे १३.६ सेंमी पाणी. उंची पडद्यापासून मोजा, भांड्याच्या तळापासून नाही. टोकाला बुडबुडा चिकटलाय का, तेही भिंगातून पाहा.

आयसीयू_ताई: सलाइनमध्ये काही दिवस सलग ठेवूनही बघ गं. कवटीत बसवल्यावर बहुतेक सेन्सर पुन्हा झीरो करता येत नाहीत. हळूहळू सरकणारं रीडिंग आम्हाला पेशंटजवळ कळतच नाही, आणि औषध त्याच आकड्यावर ठरतं.

बायोमेड_नागपूर: बॅरोमीटर फिजिक्सवाल्यांकडून आणते. उद्यापासून दोन्ही आकडे सोबत लिहिते.